इंटर्नच्या हातात चावी द्यायची की नुसता कॅमेरा?

शेवटचं_टोक (धागा सुरू करणारी)

पाणीपुरवठ्याच्या फील्ड विभागातली माझी सहा महिन्यांची इंटर्नशिप नुकतीच संपली. त्यातले साडेचार महिने माझ्या हातात फक्त फोन होता. खड्डा खणण्याआधीचा फोटो, खणल्यावरचा फोटो, बुजवल्यावरचा फोटो. मग ते अ‍ॅपवर चढवायचे, तक्ते भरायचे, हजेरीवर सह्या घ्यायच्या. चेंबरचं झाकण उचललं की कोणीतरी म्हणायचंच, "मॅडम, जरा मागे उभ्या राहा." काळजीपोटी म्हणत होते हे मला कळतं. पण साडेचार महिन्यांनीही गेट व्हॉल्व्ह (नळातलं पाणी अडवणारी झडप) किती घट्ट झाला म्हणजे तो बंद झाला, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं.

मग एका दुपारी आमच्या गटातल्या व्हॉल्व्हमनकाकांनी टी-चावी, म्हणजे चेंबरमधला व्हॉल्व्ह वरून फिरवायची लांब चावी, माझ्याकडे दिली. सहा इंची व्हॉल्व्ह होता. "जोर लावायचा नाही, फेऱ्या मोजायच्या," एवढंच म्हणाले. चावीच्या आडव्या दांड्याच्या एका टोकाला त्यांनी खडूची रेघ ओढली, म्हणजे फेरी कुठे पुरी होते ते दिसावं. किती फेऱ्या लागतील याचा एक साधा अडाखा आहे : व्यास जितके इंच, त्याची तिप्पट, वर दोन-तीन. सहा इंचीला विसाच्या आसपास. वहीत तो व्हॉल्व्ह 'पूर्ण उघडा' असा लिहिलेला. मी बंद करायला घेतला आणि तिसऱ्या फेरीलाच चावी थांबली. मला वाटलं, माझंच काही चुकलं. काका उकिडवे बसले, चावीवर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही. हा जवळजवळ बंदच होता गं." परत उघडताना मोजल्या तेव्हा २१ भरल्या. आधीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत कोणी बंद केला असणार, आणि तीन फेऱ्या उघडून तसाच सोडला. त्याच्या पुढच्या भागातून कमी दाबाच्या तक्रारी महिनोन्‌महिने येत होत्या. त्या तक्त्यात मीच भरत होते!

माझं म्हणणं एवढंच आहे : इंटर्नला पहिल्या महिन्यापासून असं एक तरी काम द्या, की ज्याच्या आकड्यावर बाकीचा गट विसंबून राहील. पटत नसेल त्यांनी जरूर लिहा.

लाइन_क्लिअर

मला अजिबात पटत नाही. मी वीज वितरणात आहे, लाइनमनच्या गटांवर माझी देखरेख असते. आमच्याकडे चुकलेल्या माणसाला दुसऱ्यांदा शिकायला मिळेलच असं नाही.

११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाइनवर हात लावण्याआधी पाच गोष्टी ठरलेल्या क्रमाने व्हाव्या लागतात. सगळ्या बाजूंनी पुरवठा तोडायचा. तो कोणी परत जोडू नये म्हणून कुलूप लावून पाटी टांगायची. लाइनमध्ये विजेचा दाब नाही याची टेस्टरने खात्री करायची. अर्थिंग करायचं, म्हणजे तारा जमिनीला जोडायच्या. शेजारी जे चालू आहे त्याला आडोसा घालायचा. नवख्याला हे सगळं सोपं वाटतं. पण टेस्टर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासायचा, मग आपल्या लाइनवर लावायचा, आणि मग पुन्हा चालू ठिकाणी तपासायचा, हे त्याच्याकडून राहतं. टेस्टरच बिघडलेला असेल हे त्याच्या मनातच येत नाही. आणि 'सगळ्या बाजूंनी' यात ग्राहकाची बाजूही आली. कोणी जनरेटर नीट वेगळा न करता चालू केला, तर एरवी दाब उतरवून ग्राहकाला वीज देणारा ट्रान्सफॉर्मरच उलट्या दिशेने काम करतो आणि खालचा दाब चढवून ११ केव्हीच्या तारेत सोडतो. उपकेंद्रात लाइन बंद, वर तारेत जीव घेणारा दाब. म्हणून तर आम्ही अर्थिंगशिवाय कोणाला वर चढू देत नाही.

माझ्याकडे इंटर्नला एकच काम असतं. हातात परमिट (कामाचा लेखी परवाना) आणि त्या पाच पायऱ्यांची यादी. एकेक मोठ्याने वाचायची. गटाने "झालं" म्हटल्याशिवाय पुढची वाचायची नाही. काही राहिलंय अशी शंका आली तर "थांबा" म्हणून ओरडायचं, आणि त्याने ओरडल्यावर सगळ्यांनी थांबायचं, मीसुद्धा. हत्याराला मात्र हात लावायचा नाही.

जुना_फिटर

ताई, तुमचा अनुभव वाचून बरं वाटलं, काकांची खडूची रेघ तर आमच्या उस्तादांचीच आठवण देऊन गेली. पण तुम्ही अर्धंच सांगितलंत.

महिनोन्‌महिने तीन फेऱ्यांवर असलेल्या व्हॉल्व्हच्या पुढच्या नळात पाणी संथ चालतं. संथ पाण्यातला गाळ खाली बसतो. तुम्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडलात, वेग वाढला, की तो सगळा गाळ उठून लोकांच्या नळाला जाणार. उघडण्याआधी खालचा वॉशआउट (नळातलं गढूळ पाणी बाहेर सोडायची वाट) सोडला होता का? लोकांना आधी कळवलं होतं का?

दुसरं, बंद करण्याचं. गेट व्हॉल्व्हच्या पहिल्या पंधरा फेऱ्यांत प्रवाहाला फारसा फरक पडत नाही. खरी अडवणूक शेवटच्या तीन-चार फेऱ्यांत होते. नवा माणूस नेमका तिथेच घाई करतो, कारण काम संपत आल्यासारखं वाटतं. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल आणि ते झटक्यात अडवलं, तर लोखंडी नळात आधीच्या दाबावर आणखी साधारण १०० मीटर उंच पाण्याइतका दाब उसळतो, म्हणजे जवळपास १० बार. झुकोव्स्कीने हे १८९८ च्या सुमारास मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून मांडलं. सव्वाशे वर्षांत पाण्याचा स्वभाव बदललेला नाही. त्या धक्क्याने तुमच्या पायाखालचा सांधा टिकेल, आणि दोन गल्ल्या पलीकडचा जुना सांधा सुटेल. तिथे उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही चावी फिरवलीत हे माहीतही नसतं.

चावी द्या, माझी ना नाही. पण पहिल्या महिन्यात नको. आधी ऐकायला शिकवा. गळती शोधायची सळई व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (चावी बसते त्या दांड्यावर) टेकवून कान लावायचा. चोवीस तास पुरवठा असेल तिथे रात्री दोन ते चारच्या दरम्यान, वापर कमी आणि दाब चढलेला असतो तेव्हा. शंभर ठिकाणी कान लावल्यावर गळतीची सूं-सूं आणि कोणाच्या तरी टाकीत पडणारं पाणी यांतला फरक कळायला लागतो.

चुकता_हिशेब

तुम्ही सगळे कसब आणि धोका यावर बोलताय. मी कामगारांच्या बाजूने विचारतो : ज्याच्या आकड्यावर गट विसंबतो, तो कामगार झाला की नाही? मग त्याला विद्यावेतनावर का ठेवायचं?

मी हे जवळून पाहिलंय, एका ठिकाणी (नाव घेत नाही). मीटर रीडर निवृत्त झाले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, आणि दर सहा महिन्यांनी इंटर्नची नवी तुकडी आली. प्रत्येक तुकडीला "खरं काम शिकायला मिळेल" असंच सांगितलं गेलं, आणि ते खोटंही नव्हतं. मुलं दिवसभर खरंच रीडिंग घेत फिरली. शिकून मात्र कोणी पुढे गेलं नाही, कारण पुढची जागाच नव्हती. त्यातला एक मुलगा चेंबरच्या फुटक्या झाकणावरून पडला. पाय मोडला, आणि तो नक्की कोणाचा माणूस यावर तीन टेबलांवर कागद फिरला.

आधी विमा, बूट, हेल्मेट, कोणाच्या हाताखाली आहे त्याचं लेखी नाव. मग चावी. हे नसेल तर मागे उभं राहणंच बरं.

गुलाबी_रंग

ताईंना पाठिंबा. आमच्याकडे इंटर्नला पहिल्याच आठवड्यात शिल्लक क्लोरीन मोजायला देतात. नळ आधी वाहू द्यायचा, नमुना घ्यायचा, डीपीडीची गोळी (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) बोटाने न शिवता टाकायची आणि मिनिटभरात रंग वाचायचा. उशीर केला तर गुलाबी गडद होत जातो आणि आकडा खोटा चढतो. लोकांच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरीन हवं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा एका मुलीला शेवटच्या नळावर शून्य आलं. वरिष्ठ म्हणाले, तुझं चुकलं असेल. तिने तीनदा काढलं, तीनदा शून्य. पाण्यात क्लोरीन सोडणारा डोसिंगचा पंप बंद पडला होता. धोका जवळजवळ नाही, आणि जबाबदारी पूर्ण. अशी कामं शोधली तर सापडतात.

खोल_चेंबर

मी सांडपाण्यावर काम करतो. माझं थोडकंच आहे, पण ते वाटाघाटीचं नाही.

मॅनहोलमध्ये इंटर्न उतरणार नाही. पहिल्या महिन्यात नाही, सहाव्या महिन्यात नाही, कोणी सोबत असलं तरी नाही. ज्याचं शिक्षण पुरं झालंय तोही गॅस मोजल्याशिवाय, वर माणूस आणि ओढून काढायची व्यवस्था असल्याशिवाय उतरत नाही. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की बाहेर. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, म्हणून नवी मुलं समजतात की वास गेला म्हणजे गॅस गेला. प्रत्यक्षात दहा लाखांत १०० भागांच्या आसपास प्रमाण गेलं की नाकच काम करेनासं होतं. वास थांबतो तेव्हा माणूस मरणाच्या जवळ असतो. आणि आत कोणी कोसळलं की वरचा माणूस विचार न करता उडी घेतो. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ मध्येच लिहून ठेवलंय, की अशा बंदिस्त जागांतल्या मृतांमध्ये साठ टक्क्यांहून जास्त वाचवायला गेलेले असतात.

मायेने धावून जाणारं पोर मला खाली नको.

शेवटचं_टोक

खोल_चेंबर, तुमचं पूर्ण मान्य. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ही मर्यादा घालायला हवी होती.

जुना_फिटर, तुम्ही बरोबर ओळखलंत. उघडताना काकांनी मला दर पाच फेऱ्यांनी थांबवलं होतं, पण वॉशआउट सोडला नव्हता. संध्याकाळी गढूळ पाण्याच्या तक्रारी आल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही वॉशआउट सोडून उभे राहिलो. आधी चहासारखं, मग पिवळसर, मग स्वच्छ. ते व्हायला दीड तास लागला. हे मी लिहिलं नाही, लिहायला हवं होतं. पण एक सांगा : वॉशआउट का सोडायचा हे मला पुस्तकातून पाठ होतं. त्या पहाटेनंतर मी ते विसरू शकेन का?

लाइन_क्लिअर, तुम्ही माझ्या विरोधात लिहिताय असं मला वाटत नाही. तुमचा इंटर्न "थांबा" म्हणाला की तुम्ही थांबता, म्हणजे तुमचा जीव त्याच्या वाचण्यावर ठेवताय. मी हेच मागते आहे. मला साडेचार महिने कोणीही "तू थांबवू शकतेस" असं सांगितलं नव्हतं.

चुकता_हिशेब, विमा आणि लेखी नाव आधी, हे मान्य. पण "नाहीतर मागे उभं राहणंच बरं" हे नाही मान्य. मागे उभ्या असलेल्या मुलाच्या अंगावरही खड्ड्याची कड ढासळते. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे असतं. कॅमेरा धरून कडेवर वाकलेली मी कित्येकदा उभी होते, आणि खड्ड्याला आधाराच्या फळ्या लावल्यात का हे बघायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

लाइन_क्लिअर

वाचणं आणि हाताळणं यांत फरक आहे, तो पुसू नका. हाताळायला प्रशिक्षणाचं यार्ड आहे, तिथे न जोडलेल्या खांबावर मी इंटर्नला चढवतो, पट्टा बांधून, पन्नास वेळा. चालू जाळ्यावर मात्र नाही. यावर मी हलणार नाही.

जुना_फिटर

एक विचारायचं राहिलं. त्या व्हॉल्व्हची नोंद आता वहीत काय आहे?

शेवटचं_टोक

"२१ फेऱ्या, उजवीकडे बंद, पूर्ण उघडा", खाली तारीख. सही मी केली होती. इंटर्नची सही चालत नाही म्हणून ती खोडून त्यावर ज्युनिअर इंजिनिअरनी केली. ते त्या दिवशी तिथे नव्हते.

चुकता_हिशेब

बरं झालं खोडली. उद्या काही झालं तर तुमच्यावर आलं असतं.

जुना_फिटर

खोडायला नको होती. त्यांची सही वर असू दे, मोजणाऱ्याचं नाव खाली राहिलं पाहिजे. पुढच्या खेपेला चावी अठराव्या फेरीला अडकली, तर विचारायचं कोणाला?