मदत हवी आहे: या बातमीचा मूळ शोधनिबंध कुठे मिळेल? (तातडीचं)

सातवी_शिफ्ट
नमस्कार. खालच्या बातमीचा मूळ शोधनिबंध हवा आहे. विज्ञानगप्पांच्या आमच्या एका ग्रुपवर मी ती आज रात्री टाकणार आहे. तिथे एक सद्गृहस्थ आहेत, काहीही टाकलं की "पुरावा?" एवढंच लिहून मोकळे होतात. या वेळी त्यांना थेट पेपरच दाखवायचा आहे. गूगल करून झालं, नुसत्या बातम्याच बातम्या येतात. बातम्या कशा वाचाव्यात वगैरे ज्ञान कृपया नको. लिंक हवी. नऊच्या आत.

तिरकस_रेघ
खालच्या म्हणजे कुठल्या? मला खाली नुसती मोकळी जागा दिसते आहे.

पानगळ
+१. बातमीच नाही.

कंसातली_मी
चित्र जड असेल तर इथे चढत नाही आणि तसं सांगतही नाही. फोनवर उघडून त्याचाच परत स्क्रीनशॉट काढा, हलकं होतं. नाहीतर जेपीजी करून घ्या. मी माझे सगळे भरतकामाचे फोटो असेच टाकते.

सातवी_शिफ्ट
चित्राचं सोडा हो. ती प्रकाशापेक्षा वेगवान कणांची बातमी, सगळीकडे फिरते आहे. आइनस्टाइन चुकला वगैरे.

जुना_तारा
सगळीकडे म्हणजे कुठे? माझ्याकडे आलेली नाही. कण कोणता, प्रयोग कुणाचा, तारीख काय?

सातवी_शिफ्ट
सर्न, ती जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा. न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण. काल आली.

जुना_तारा
काल छापून आली, की काल तुमच्या फोनवर आली?

झटपट_उत्तर
एवढी उलटतपासणी कशाला? एआयला विचारा, "या बातमीचा संदर्भ दे". दोन सेकंदांत लेखकांच्या नावांसकट देतो. मी हल्ली सगळं तसंच करतो.

तिरकस_रेघ
आणि दिलेला संदर्भ उघडून बघता का? मला एकदा असाच एक मिळाला होता. लेखक खरे, नियतकालिक खरं, खंड आणि पानंसुद्धा दिलेली. त्या पानांवर दुसऱ्याच कुणाचा दुसराच लेख. सद्गृहस्थांना तो पाठवला असता तर यांची रात्र संस्मरणीय झाली असती.

झटपट_उत्तर
नीट प्रश्न विचारला की नीट उत्तर येतं. वापरणाऱ्यावर आहे.

आरएसएसप्रेमी
मुळात ग्रुपवरून बातम्या घ्यायच्याच कशाला? मी गेली कित्येक वर्षं फीड रीडर वापरतो, आवडत्या साइट्सवरचं नवं सगळं एका जागी दाखवतो तो. २०१३च्या जुलैमध्ये गूगल रीडर बंद झाला तेव्हाही हाय खाल्ली नाही, साइट्सची यादी फाइलमध्ये काढून दुसरीकडे नेली. प्रत्येक बातमी तारखेसकट समोर येते. कुणी कापलेली चित्रं नाहीत, काही नाही. हवं असेल तर माझी यादी देतो.

सातवी_शिफ्ट
यादी नको. पेपर हवा. बातमी टंकतो घ्या: सर्नमधून सोडलेले न्यूट्रिनो इटलीतल्या ग्रान सास्सो इथे, ७३० किलोमीटरवर, प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले, वैज्ञानिकही चक्रावले. तारीख चित्रात कापली गेली आहे. झालं समाधान?

पानगळ
अरे देवा.

तिरकस_रेघ
खुर्ची ओढून बसलो आहे.

जुना_तारा
झालं समाधान. ही ऑपेरा नावाच्या प्रयोगाची बातमी आहे. पेपर आर्काइव्ह (arXiv) या शोधनिबंधांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, क्रमांक ११०९.४८९७. गूगलमध्ये क्रमांक टाकलात तरी पहिलाच येईल. त्या क्रमांकातले पहिले चार आकडे बघा. तिथे आधी साल, मग महिना असतो. ११ आणि ०९, म्हणजे सप्टेंबर २०११. तुमची कालची बातमी तेव्हाची आहे.

पुढचं लिंकपेक्षा जास्त आहे, पण ग्रुपवर टाकण्याआधी वाचा. २३ सप्टेंबर २०११ला सर्नमध्ये जाहीर व्याख्यान झालं. आम्हाला हे सापडतंय, चूक कुठे आहे ते आम्हाला दिसत नाही, तुम्हीही शोधा, असाच त्यांचा सूर होता. पेपरमध्ये आकडा होता ६०.७ नॅनोसेकंद. नोव्हेंबरमध्ये न्यूट्रिनोंचे अगदी छोटे झोत सोडून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, तरी तेच उत्तर आलं. फेब्रुवारी २०१२मध्ये कारण कळलं. जमिनीवरच्या जीपीएसची वेळ आठ किलोमीटरच्या ऑप्टिकल फायबरमधून खाली भुयारातल्या मुख्य घड्याळापर्यंत जायची. त्या फायबरचा जोड पूर्ण आवळलेला नव्हता. प्रकाश कमी पोचायचा, त्यामुळे पलीकडचा संवेदक उशिरा जागा व्हायचा आणि वेळेचा इशारा सुमारे ७३ नॅनोसेकंद मागे पडायचा. घड्याळ मागे म्हटल्यावर न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे नोंदले जाणारच. शिवाय घड्याळातल्या दोलकाची गतीही किंचित जास्त होती, तिचा परिणाम उलट दिशेने सुमारे १५ नॅनोसेकंद. वजाबाकी तुम्हीच करा.

सातवी_शिफ्ट
म्हणजे बातमी खोटी?

जुना_तारा
खोटी कशी? तेव्हा त्यांनी तसंच मोजलं होतं आणि तसंच छापून आलं. आज ती आजची म्हणून टाकली तर खोटी.

न्यूट्रॉन_नव्हे
एक दुरुस्ती. सर्नने काही शोधलं नव्हतं. झोत सर्नचा, मोजणारा संच ग्रान सास्सोच्या डोंगराखाली, आणि गट निरनिराळ्या देशांचा. तेव्हाही सगळीकडे "सर्नचा शोध" असंच छापून आलं आणि सर्नला फुकट शिव्या पडल्या.

झटपट_उत्तर
शिव्या पडायलाच हव्या होत्या. जोड सैल आहे का हे न बघता जगभर पत्रकार बोलावतात का? साधं वायफाय बंद पडलं तरी आधी वायर बघतात.

न्यूट्रॉन_नव्हे
बघितलं नाही असं नाही. महिनोन्महिने तपासण्या केल्या, स्वतंत्र मापनतज्ज्ञांकडून घड्याळं जुळवून घेतली. वायर बघणं सोपं तेव्हा असतं जेव्हा काहीतरी बंद पडतं. इथे सगळं चालू होतं, फक्त एका सेकंदाच्या अब्जांश भागांमध्ये फरक पडत होता.

पानगळ
पण मग नोव्हेंबरमध्ये परत करून तेच का आलं? पुन्हा केला की चूक सापडते असं आपण शाळेत शिकलो ना?

न्यूट्रॉन_नव्हे
जोड तोच, घड्याळ तेच. झोत बदलल्यामुळे आकडेमोडीतली शंका गेली, पण उपकरणातला दोष जसाच्या तसा राहिला. त्याच डोंगराखाली इकॅरस नावाचा दुसरा संच होता. त्याने तोच सर्नचा झोत आपल्या घड्याळाने मोजला. मार्च २०१२मध्ये त्यांचं उत्तर आलं: प्रकाशाइतकाच वेग. अवघे सात न्यूट्रिनो होते त्यांच्याकडे. ऑपेराकडे पंधरा हजारांवर होते, तरी सात पुरले.

तिरकस_रेघ
माझी मात्र झटपटरावांच्या बाजूने अर्धी सही. पेपर टाका, चर्चा करा. पण व्याख्यान थेट प्रक्षेपित करायची काय घाई होती? पुढे गटाच्या दोघा प्रमुखांना राजीनामे द्यावे लागले.

जुना_तारा
तोपर्यंत ती आतली कुणकुण बाहेर गेली होती. न बोलते तर लपवलं म्हणून ओरड झाली असती.

अवांतरवाला
अवांतर: पण वेग खरा निघाला असता तर काळात मागे जाता आलं असतं का? मला काही निरोप द्यायचे आहेत.

पानगळ
या धाग्याच्या पहिल्या प्रतिसादाला द्या, "तारीख विचारा" म्हणून.

जुना_तारा
अवांतरालाही उत्तर देतो, सद्गृहस्थांसाठी कामाचं आहे. सुपरनोव्हा १९८७ए. सुमारे १ लाख ६८ हजार प्रकाशवर्षांवरचा तारा फुटला, त्याचे न्यूट्रिनो २३ फेब्रुवारी १९८७ला पृथ्वीवर पकडले गेले आणि प्रकाश दोनतीन तासांनी आला. तेही तारा फुटताना न्यूट्रिनो आधी सुटतात म्हणून. ऑपेराचा फरक खरा धरला तर ते चार वर्षं आधी यायला हवे होते. २०११मध्ये बहुतेकांच्या मनात पहिली पाल इथेच चुकचुकली.

न्यूट्रॉन_नव्हे
हा दाखला मी तरी असा ठोकून देणार नाही. ताऱ्याचे न्यूट्रिनो कमी ऊर्जेचे, ऑपेराचे त्याच्या हजारपट. ऊर्जेबरोबर वेग बदलत असेल तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकल्या असत्या, आणि तसं तेव्हा लोक म्हणालेही. त्यापेक्षा कोहेन आणि ग्लॅशो या भौतिकशास्त्रज्ञांचा मुद्दा बळकट. इतक्या वेगाने जाणारे न्यूट्रिनो वाटेत इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या जोड्या सोडत ऊर्जा गमावून बसले असते. ग्रान सास्सोला ते भरपूर ऊर्जेनिशी पोचत होते, म्हणजे वेग तेवढा नव्हता.

जुना_तारा
मान्य. पण ग्रुपवर कुठलं लवकर कळेल?

न्यूट्रॉन_नव्हे
लवकर कळणाऱ्या गोष्टींमुळेच हा धागा निघाला आहे.

आरएसएसप्रेमी
फीडमध्ये तारीख दिसली असती, एवढंच म्हणतो.

कंसातली_मी
तारीख कापलेली असली तरी फोटोवरून उलटा शोध घेता येतो की. गूगल लेन्समध्ये चित्र टाका, जुन्या पानांवर तेच चित्र सापडतं.

झटपट_उत्तर
माझं म्हणणं अजून तेच आहे. आत्ता एआयला विचारलं, त्याने हाच क्रमांक दिला.

तिरकस_रेघ
वर जुना_तारा यांनी दिल्यावर विचारलंत ना? तो क्रमांक प्रश्नातच नव्हता ना लिहिलेला?

सातवी_शिफ्ट
भांडा तुम्ही. मी पेपर मागितला, पेपर मिळाला, आभार. पोस्ट आता "२०११ची गाजलेली बातमी आणि पुढे काय झालं" अशी करतो आहे, बरीच मोठी होईल. एक सांगा. तिथे चार आवृत्त्या दिसतात. कुठली देऊ?

जुना_तारा
क्रमांकाच्या मागे काही न लावता लिंक दिली तर शेवटची उघडते. पहिली दाखवायची असेल तर मागे v1 लावा. दोन्ही द्या. आधीची पुसून टाकत नाहीत, हीच तर तिथली सोय आहे.

सातवी_शिफ्ट
थांबा, थांबा. शेवटची उघडली. त्यातही ६.५ नॅनोसेकंद आधी आले असंच लिहिलंय! अधिक-वजा ७.४. मग जोड आवळूनही ते पुढेच आहेत की. सद्गृहस्थ हेच धरून बसणार.

न्यूट्रॉन_नव्हे
आकडा एकटा वाचू नका. ६.५ आणि त्यावर ७.४ची अनिश्चितता, म्हणजे शून्य आरामात आत बसतं. कदाचित पुढे, कदाचित मागे, मोजणीला सांगता येत नाही. उपकरणातल्या शंकेची दुसरी त्रुटी आहे ती आणखी आठेकची. पहिल्या आवृत्तीत ६०.७ होते आणि अधिक-वजा ६.९, दुसरी त्रुटी ७.४. तिथे शून्य फार लांब होतं, म्हणून गहजब. पोस्टमध्ये लिहा: फरक आढळला नाही. आणि दोन्ही आकडे त्रुटींसकट द्या, नाहीतर कुणीतरी ६.५ तेवढं कापून पुढे पाठवेल.