मदत हवी आहे: पालोच्काच्या जागी टाइप झालेले १, आय आणि एल कसे दुरुस्त करू?

मंडळी, युनिकोड (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला ठराविक कोड देणारी पद्धत) आणि टेक्स्ट क्लीनिंगचं काम केलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा.

मी चेचेन, अवार आणि अदिगे या काकेशसच्या भाषांची शब्दसूची बनवतेय, ऑनलाइन मिळेल ते टेक्स्ट गोळा केलंय. तिन्ही सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियनच्या लिपीत, लिहितात पण रशियनमध्ये नसलेलं एक अक्षर तिन्हींत आहे, पालोच्का. दिसायला नुसती उभी रेघ, कॅपिटल आणि स्मॉल जवळपास सारखंच. चेचेनमध्ये ती क, प, त नंतर आली की व्यंजन घशातून झटक्याने फुटतं, आणि एकटी आली की अरबीतल्या ऐनसारखा खोल आवाज. अदिगेत एकटी आली तर घसा क्षणभर बंद होतो, 'हात' या शब्दाची सुरुवातच तिने होते. म्हणजे हे अक्षर गाळून चालतच नाही.

पण रशियन कीबोर्डवर ही की नाही, मग कोणी आकडा एक टाकतं, कोणी इंग्रजी कॅपिटल आय, कोणी स्मॉल एल, आणि जुन्या पुस्तकांच्या स्कॅनमध्ये ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) काय वाट्टेल ते वाचतं. आपल्याकडे 'दुःख' मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकतात आणि मग सर्चला शब्द सापडत नाही, अगदी तसंच. एकच चेचेन शब्द माझ्या सूचीत तीनतीन वेळा येतोय. एनएफकेसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका कोडवर आणणारी युनिकोडची पद्धत) करून पाहिलं, काही फरक नाही, कारण युनिकोडच्या दृष्टीने ही सगळी वेगळीच अक्षरं.

सरसकट रिप्लेस केलं तर खरे आकडे मरतात. मार्ग सुचवा ना.

प्रतिसाद १
चेचेन वर्णमालेत पालोच्का लागून झालेली जोडअक्षरं सातच आहेत: ग, क, प, त, ख, त्स, च यांची. फक्त या सात सिरिलिक अक्षरांनंतर आलेला एक किंवा आय बदला, बाकीला हात लावू नका. खरे आकडे वाचतील.

धागाकर्ती
थँक्स, पण नाही जमणार. पालोच्का स्वतंत्र अक्षरही आहे ना, चेचेनमधल्या 'डोळा' शब्दात ती ब नंतर येते, आणि 'काळा' हा शब्द सुरूच तिच्यापासून होतो. हे सगळे सुटतील.

प्रतिसाद २
मग उलटं करा. दोन्हीपैकी एका बाजूला चिकटून सिरिलिक अक्षर असेल तर बदला, नसेल तर सोडा. दोन गोष्टी मात्र हाताने बघा. एक, आकड्याला चिकटून लिहिलेली किलो-मीटरसारखी एककं. दुसरी जास्त फसवी: अकरावं शतक लिहिताना रोमन एक्सच्या जागी लोक सिरिलिक ख टाकतात, तो दिसतो तसाच, आणि ख अधिक रेघ हे चेचेन आणि अवार दोन्हींत खरं जोडअक्षर आहे. अख्खा शब्द एवढाच असेल तर तो बहुतेक आकडाच समजा.

आणि लोअरकेस करताना, म्हणजे सगळी अक्षरं स्मॉल करताना, सांभाळा. कॅपिटलचा कोड ०४सी० जुना आहे, स्मॉलचा ०४सीएफ २००६ मध्ये युनिकोड ५.० ला आला. प्रोग्रॅम लोअरकेस करताना नवा कोड घालतो, जुन्या फॉन्टमध्ये तिथे चौकोन दिसतो, आणि कितीतरी लोक दोन्हीसाठी कॅपिटलच वापरतात. सर्चसाठी दोन्ही कोड एकच धरा, आणि मूळ टेक्स्ट वेगळ्या कॉलममध्ये जसंच्या तसं ठेवा, ते कधीही पुसू नका, या भाषांचं डिजिटल टेक्स्ट आधीच कमी आहे.

धागाकर्ती
अकराव्या शतकाचं डोक्यातच आलं नव्हतं, खूप खूप आभार! मूळ कॉलम आजच वेगळा करते. एक राहिलंच, सॉर्टिंग. चेचेन कोशात ग संपला की रेघवाला ग वेगळं अक्षर म्हणून येतो आणि एकटी पालोच्का अगदी शेवटी, पण माझ्या शीटमध्ये दोन्ही ग एकमेकांत मिसळतात. असा क्रम कोणी स्वतः सेट केलाय का?