अठरा मिनिटे कमी झाल्यावर उरलेला चित्रपट

सुधीर काका, बी-३०२
सर्वांना नमस्कार. शनिवारी रात्री आमच्या घरी आठ जणांनी ‘द फँटम एडिट’ पाहिला. ते नेमके काय प्रकरण आहे, अशी विचारणा काल ग्रुपवर झाली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. जॉर्ज लुकास यांचा ‘स्टार वॉर्स : एपिसोड वन, द फँटम मेनेस’ हा कथेच्या क्रमाने पहिला चित्रपट मे १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. मालिकेतला आधीचा चित्रपट १९८३ सालचा, म्हणजे मध्ये सोळा वर्षे गेलेली; त्यामुळे अमेरिकेत लोक तिकिटांसाठी रांगा लावून बसले होते, आणि चित्रपट पाहून त्यांतले बरेच जण हिरमुसले होऊन बाहेर पडले. कॅलिफोर्नियातील माइक निकोल्स या संकलकाने मात्र नुसती कुरकुर न करता घरी बसून तो चित्रपट पुन्हा कापला. त्याने स्वतःचे नाव आधी दिले नव्हते, त्यामुळे हे काम केविन स्मिथ या दिग्दर्शकाचे असावे अशीही वदंता उठली होती. २००१ पर्यंत या आवृत्तीच्या व्हीएचएस कॅसेटी हातोहात फिरू लागल्या होत्या. साधारण सव्वादोन तासांच्या मूळ चित्रपटातून सुमारे अठरा मिनिटे गेली आहेत. ज्यांनी पाहिला त्यांनी मोकळेपणाने मत लिहावे.

सुलभाताई, ए-१०४
मी मूळ चित्रपट आदल्या शनिवारी पाहिलेला असल्यामुळे तुलना ताजी आहे. या मालिकेत सुरुवातीला पिवळी अक्षरे अंतराळात दूर सरकत जातात आणि पूर्वकथा सांगतात. निकोल्सने त्या जागी आपलेच मनोगत घातले आहे, की चित्रपटाने निराशा केली म्हणून मी हा उद्योग केला. हे मला धिटाईचे वाटले, पण प्रामाणिकही वाटले. सर्वांत मोठा फरक अर्थातच जार जार बिंक्सचा आहे. लांब कानांचे ते धांदरट पात्र मूळ चित्रपटात दर पाच मिनिटांनी कशाला तरी अडखळते. येथे ते आहे, पण तोंडाला बऱ्यापैकी कुलूप लावून.

मला त्याहून छोटी एक गोष्ट जास्त आवडली. शेवटच्या लढाईत लहानगा अॅनाकिन शत्रूचे नियंत्रक जहाज उडवतो. मूळ चित्रपटात ते चुकून घडते आणि पोरगा ‘ऊप्स’ म्हणतो. निकोल्सने तो एक उद्गार काढला, आणि तेच दृश्य पाहताना मुलाने जाणूनबुजून नेम धरला असे वाटते. पुढे जो डार्थ व्हेडर हा मालिकेतला खलनायक होणार आहे, त्याच्या अंगी काही उपजत असावे ही शंका एका शब्दाच्या अभावातून निर्माण झाली.

निखिल, सी-५०१
सुलभाताईंचे निरीक्षण मान्य आहे, पण कात्रीचे कौतुक करताना तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. अॅनाकिन पडद्यावर येतो तोच अर्ध्या तासानंतर. तोवर कथा क्वाय-गॉन हा जेडाय (मालिकेतल्या रक्षक योद्ध्यांपैकी एक) चालवतो, शेवटी तो मारला जातो, आणि त्याचा शिष्य ओबी-वान याला बराच काळ जहाजात थांबवून ठेवले आहे. मग ही गोष्ट कोणाची? हा प्रश्न पटकथेतला आहे; जे चित्रित झालेच नाही ते संकलक कोठून आणणार? पुन्हा संकलन करणाऱ्या रसिकाकडे संवाद, संगीत आणि आवाज एकत्र मिसळलेली तयार प्रत असते. त्यामुळे संवाद कापला की संगीतकार जॉन विल्यम्स यांचे पार्श्वसंगीतही तेथेच कापले जाते. शनिवारी दोन-तीन ठिकाणी वाद्यमेळ मध्येच उडी मारून पुढे गेल्यासारखा वाटला, आणि काकांनी तर टीव्ही बिघडला म्हणून रिमोट उचलला होता.

सुधीर काका, बी-३०२
रिमोटची गोष्ट खरी आहे.

मीनल, ए-३०३
आमच्या घरचा दहा वर्षांचा प्रेक्षकही शनिवारी हजर होता, त्याचे मत नोंदवते. अर्धा चित्रपट झाल्यावर त्याने मला हळूच विचारले, “आई, तो कानवाला बोलत का नाहीये?” मूळ चित्रपटात त्याला सर्वांत जास्त तेच पात्र आवडले होते. हे चित्रपट मुलांसाठी आहेत असे लुकास सांगत आले आहेत, आणि १९७७ सालचा पहिला चित्रपट लहानपणी पाहिलेले लोक १९९९ पर्यंत तिशीत पोहोचले होते. आपण मोठे झालो याचा राग त्यांनी एका बाहुल्यावर काढला, असे मला वाटते.

शिवाय ते नुसते बाहुले नव्हते. संगणकावर घडवलेल्या त्या पात्रामागे अहमद बेस्ट नावाचा नट होता. त्या काळातल्या हेटाळणीमुळे आत्महत्येचा विचार मनात आला होता, असे त्याने २०१८ मध्ये स्वतः जाहीरपणे लिहिले. २०२३ मध्ये ‘द मँडलोरियन’ या मालिकेत तो जेडाय योद्ध्याच्या भूमिकेत परतला, तेव्हा त्याच प्रेक्षकवर्गाने त्याचे स्वागत केले. निकोल्सच्या संकलनात द्वेष आहे असे माझे म्हणणे नाही. पण ‘ते पात्र काढून टाका’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा हे आठवावे.

विद्याधर, सचिव
दृकश्राव्य कार्यक्रम म्हणून हीच आवृत्ती सभागृहात दाखवावी, अशी सूचना मला दोघांनी केली आहे. घरात चार माणसांनी पाहणे वेगळे. सभागृहात सर्वांसाठी प्रदर्शन करायचे तर हक्कधारकांची परवानगी लागते, आणि अशा अनधिकृत आवृत्तीसाठी ती मिळण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे क्षमस्व.

कुसुम आजी, बी-१०१
मी चित्रपट पाहिला नाही, तेव्हा त्याविषयी बोलत नाही. परंतु कापाकापीचे एवढे नवल कशाचे, हे मला समजत नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यात शंभराहून अधिक पदे आहेत आणि जुने प्रयोग रात्र रात्र चालत. आज ते तीन तासांत बसवतात, निम्म्याहून अधिक पदे गाळतात, आणि त्याला आपण रंगावृत्ती असे भारदस्त नाव देतो. आवडते पद गाळले की मला चुटपुट लागते, पण नाटकावर अन्याय झाला असे काही मी म्हणत नाही.

निखिल, सी-५०१
आजी, तुम्ही नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले. सौभद्राची रंगावृत्ती कितीही आखूड केली तरी संपूर्ण संहिता छापील पुस्तकात राहते, आणि उद्या कोणाला सगळी पदे म्हणायची असतील तर त्याला अडवणारे कोणी नाही. निकोल्सनेही मूळ चित्रपटाला हात लावलेला नाही; तो जसाच्या तसा बाजारात मिळतो. माझी खरी तक्रार नेमक्या उलट्या बाजूची आहे. १९९७ मध्ये लुकास यांनी स्वतःच आपल्या पहिल्या तीन चित्रपटांत फेरफार करून ‘स्पेशल एडिशन’ काढली. पहिल्या चित्रपटात हान सोलो हा तस्कर, त्याला पकडायला येऊन समोर बसलेल्या ग्रीडोवर आधी गोळी झाडतो. नव्या आवृत्तीत ग्रीडो आधी झाडतो, आणि तीही एवढ्या जवळून चुकते. २००४ च्या डीव्हीडीत तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटी अॅनाकिन म्हणून दिसणारे सेबॅस्टियन शॉ हे वयस्कर नट काढून तेथे नव्या चित्रपटांतला तरुण अॅनाकिन, हेडन क्रिस्टेन्सन, बसवला गेला. त्यानंतरच्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत ही भर कायम राहिली आणि मूळ चित्रपट चांगल्या स्वरूपात मिळेनासे झाले.

विशेष म्हणजे याच लुकास यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष देताना, जुन्या कृष्णधवल चित्रपटांना रंग फासणाऱ्यांना रानटी म्हटले होते. पुढे चेक प्रजासत्ताकातील ‘हार्मी’ या टोपणनावाच्या रसिकाने ‘डीस्पेशलाइज्ड एडिशन’ तयार केली. वेगवेगळ्या प्रतींमधून तुकडे जमवून, रंग जुळवून, १९७७ साली लोकांनी जे पाहिले ते पुन्हा उभे करायचे, असा तो खटाटोप आहे. निकोल्सच्या कात्रीपेक्षा मला हे काम मोठे वाटते, कारण त्यात स्वतःची आवड बाजूला ठेवावी लागते.

सुलभाताई, ए-१०४
निखिल, एक पुरवणी जोडते. १९७७ चा तो चित्रपटही कात्रीनेच तारला होता. पहिले कच्चे संकलन लुकास यांना पसंत पडले नाही, मग पॉल हर्श, मार्शिया लुकास आणि रिचर्ड च्यू यांनी ते नव्याने केले, आणि त्या तिघांना संकलनाचे ऑस्कर मिळाले. नायक ल्यूक आणि त्याच्या मित्राची सुरुवातीची दृश्ये तेव्हाच काढली गेली. १९९९ च्या चित्रपटालाही पॉल मार्टिन स्मिथ आणि बेन बर्ट यांच्यासारखे जाणते संकलक होते; पण तोवर लुकास यांना ‘हे नको’ असे तोंडावर सांगणारे कोणी उरले असेल का, अशी मला शंका येते. निकोल्सने ते काम दोन वर्षे उशिरा आणि न विचारता केले, इतकेच.

मीनल, ए-३०३
सुलभाताई, हे मात्र मला पटले. तरीही आमच्या प्रेक्षकाने आज दुपारी मूळ आवृत्ती पुन्हा लावली असून जार जारची जीभ यंत्रामुळे बधिर होते ते दृश्य तिसऱ्यांदा चालू आहे. सुधीर काका, आपला पेन ड्राइव्ह परत पाठवते, वॉचमनकाकांकडे ठेवला आहे.