शिअर स्टड तुटला, टूल सुटलं, तरी ब्रिज प्लग दाब धरत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

विहिरीत प्लग-पॅकर बसवण्याचं काम केलेल्या कुणाचं तरी मत तातडीने हवंय. वायरलाइनवर (तारेला बांधून टूल विहिरीत सोडण्याच्या कामात) मी तसा नवाच आहे.

७ इंची, फुटाला २९ पौंडी केसिंग (विहिरीतला पोलादी पाइप), आतला व्यास ६.१८४ इंच. २१५० मीटरवर ब्रिज प्लग, म्हणजे केसिंग आतून बंद करणारं बूच, बसवला. त्याखाली जुनी पर्फोरेशन्स (केसिंगला पाडलेली भोकं) आहेत, ती बंद करायची आहेत. आधी गेज रिंग (व्यास तपासणारं कडं) आणि जंक बास्केट (कचरा गोळा करणारी टोपली) खालपर्यंत विनाअडथळा जाऊन आली. प्लग बसवणारं सेटिंग टूल पॉवर चार्जवर, म्हणजे जळून गॅसचा दाब देणाऱ्या दारूवर, चालणारं. फायर केल्यावर मिनिटभराने वायरचा ताण प्लगच्या वजनाइतका कमी झाला. टूल वर आलं तेव्हा शिअर स्टड (टूल आणि प्लग जोडणारा, ठरलेल्या जोराला तुटणारा खिळा) स्वच्छ तुटलेला होता. मला वाटलं, झालं काम.

पण २००० पीएसआयला चाचणी घेतली तर अर्ध्या तासात २६० पीएसआय गेले. परत दाब चढवला, परत २५० गेले. तळाचं तापमान ९५ अंश सेल्सिअस आणि एलिमेंट (प्लगचं सील करणारं रबर) नायट्राइलचं, म्हणजे रबर तापमानाने खराब झालं असं वाटत नाही. आता यावर डम्प बेलरने (तारेवरून खाली सोडून ओतायच्या नळकांड्याने) सिमेंट टाकायचं ठरतंय. मला ते पटत नाही, पण ठामपणे नको म्हणायला कारण हातात नाही. स्टड तुटला म्हणजे प्लग बसलाच ना? मग गळतंय कुठून?

प्रतिसाद १

स्टड तुटला म्हणजे टूलने ठरलेला जोर लावला, एवढंच सिद्ध होतं. तो जोर रबराने कुठे आणि कसा घेतला, हे स्टड सांगत नाही. बाहेरची स्लीव्ह खाली दाबते, मॅंड्रेल (प्लगचा मधला दांडा) वर ओढला जातो, स्लिप्सचे (पकड घेणाऱ्या पाचरींचे) दात केसिंगमध्ये रुततात आणि मधलं रबर चेपून भिंतीला टेकतं. पुढे लॉक रिंग ते चेपलेलं धरून ठेवते. यात भिंतच सलग नसेल, तर जोर पुरा लागूनही सील होत नाही.

आधी गळतीचा हिशेब करा. २१५० मीटर केसिंगमध्ये जवळपास ४२ घनमीटर पाणी मावतं. पाण्याची दाबनीयता धरली तर २५० पीएसआय घसरण म्हणजे तीस-पस्तीस लिटर पाणी, मिनिटाला लिटरभर. एवढं पाणी वरच्या जोडण्यांतून गळत असेल तर डोळ्यांना दिसेलच. तरी खात्रीसाठी विहीर बाजूला ठेवून नुसत्या वरच्या लाइनची चाचणी घ्या. बाहेरच्या ॲन्युलसचा (केसिंगभोवतीच्या पोकळीचा) गेजही बघा. तिथे दाब चढत असेल तर प्लगला दोष देऊ नका, केसिंग तपासा.

तापमानावर ढकलायचा मोह होतो, पण पंप केलेलं थंड पाणी खाली जाऊन तापतं आणि बंद विहिरीत दाब उलट वाढवतं. म्हणजे त्याने गळती झाकली जाईल, दिसणार नाही. अडकलेली हवा असती तर घसरण मंदावली असती आणि दुसऱ्या वेळी कमी झाली असती. तुमची दोन्ही वेळा जवळजवळ सारखीच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कॉलर लोकेटरपासून (केसिंगच्या पाइपांचे जोड, म्हणजे कॉलर, शोधणाऱ्या उपकरणापासून) अंतर कुठपर्यंत मोजलंत? रबराच्या मध्यापर्यंत की आणखी कुठे? जवळची कॉलर किती दूर होती?

धागाकर्ता

वरच्या लाइनने दाब पूर्ण धरला. ॲन्युलसचा गेज हलला नाही.

तुमचा प्रश्न वाचून कागद काढले. प्लग पर्फोरेशन्सच्या शक्य तितका जवळ हवा होता, म्हणून रबराचा मध्य खालच्या कॉलरच्या अर्धा मीटर वर येईल असं ठरवलं होतं. पण मी अंतर सेटिंग स्लीव्हच्या टोकापर्यंतच धरलं होतं, २.४ मीटर. रबराच्या मध्यापर्यंत ते २.९ भरतं. म्हणजे रबर थेट कॉलरवर बसलंय. ही चूक माझीच, आणि आजच वरिष्ठांना सांगितली.

प्रतिसाद २

मग कारण मिळालं. कॉलरमध्ये दोन पाइपांच्या टोकांच्या मध्ये खाच असते, रबर तिथे नीट दाबलं जात नाही. यावर सिमेंट टाकू नका. जिथून पाणी वाट काढतंय, तिथे घट्ट व्हायच्या आधीच सिमेंटमध्येही वाट पडू शकते. वर नवा प्लग बसवा, सिमेंट त्यावर.

आणि वर आलेलं टूल खोलण्याआधी आत अडकलेला गॅस ब्लीड करूनच सोडता ना? कितीही घाई असली तरी ते चुकवू नका. तो दाब जीव घेऊ शकतो.

धागाकर्ता

हो, ब्लीड करूनच खोललं होतं.

वरिष्ठांनी सिमेंट थांबवलंय. तुमचा लिटरचा हिशेब दाखवल्यावर फार बोलावं लागलं नाही. नवा प्लग एक पाइप सोडून वरच्या पाइपच्या मध्यावर बसवतोय. खाली पाठवण्याआधी लोकेटर ते रबर हे अंतर दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे ठरलंय. चाचणी झाली की दाबाचा आलेख इथेच टाकतो.