ऑटोव्हॅक्यूमची प्रक्रिया बंद करावी का? पोस्टग्रेएसक्यूएलविषयी सल्ला हवा आहे

प्रश्न

नमस्कार. आमच्या पोस्टग्रेएसक्यूएल १३ या डेटाबेसच्या सर्व्हरवर सर्वांत मोठ्या टेबलाचा ऑटोव्हॅक्यूम (जुन्या, टाकाऊ ओळींची आपोआप होणारी सफाई) तासन्‌तास चालतो. त्या टेबलात कॉलम वाढवण्यासाठी दिलेली ऑल्टर टेबल आज्ञा लॉकसाठी अडून राहते आणि तिच्यामागे साध्या सिलेक्टचीही रांग लागते. पीजी_टर्मिनेट_बॅकएंडने प्रक्रिया बंद केली, तरी थोड्याच वेळात दुसरी उभी राहते. ऑपरेटिंग सिस्टिमवरून किल -९ (प्रक्रिया तत्काळ मारणारी आज्ञा) द्यावे, असे एका सहकाऱ्याचे म्हणणे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

किल -९ कृपया देऊ नका. सगळे बॅकएंड (प्रत्येक कनेक्शनची सर्व्हरवरील प्रक्रिया) एकच शेअर्ड मेमरी वापरतात. त्यांतला एक असा अचानक मेला, की ती मेमरी शाबूत असल्याचा भरवसा पोस्टमास्टरला (सर्व्हरच्या मुख्य प्रक्रियेला) उरत नाही, म्हणून तो बाकीची सर्व कनेक्शने तोडून क्रॅश रिकव्हरी (बिघाडानंतर डेटा सुसंगत करण्याचे काम) सुरू करतो. आधी सिगइंट (चालू काम रद्द करण्याचा संकेत) पाठवणारे पीजी_कॅन्सल_बॅकएंड आणि त्याने भागले नाही तरच सिगटर्म (प्रक्रिया संपवण्याचा संकेत) पाठवणारे पीजी_टर्मिनेट_बॅकएंड, हाच क्रम ठेवावा.

एरवी ऑटोव्हॅक्यूम इतका अडून बसत नाही. त्याच्यामुळे कोणी लॉकसाठी खोळंबले, तर डेडलॉक_टाइमआउटनंतर, म्हणजे मूळ सेटिंगनुसार १ सेकंदाने, तो आपोआप रद्द होतो. तुमचा हटत नाही, त्याअर्थी पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटीच्या (चालू सेशनांच्या यादीच्या) क्वेरी रकान्यात ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’ (ट्रान्झॅक्शन क्रमांक संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू होणे टाळण्यासाठी) असे शब्द दिसतील. टेबलाचे वय (जुन्या ओळी शेवटच्या गोठवल्यानंतर झालेली ट्रान्झॅक्शने) मूळ सेटिंगनुसार २० कोटींपलीकडे गेले, की हा प्रकार सुरू होतो, आणि तो वारंवार मारत राहिलात, तर शेवटी सर्व्हर नवे ट्रान्झॅक्शन क्रमांक देणेच थांबवतो. म्हणून त्याला थांबवण्याऐवजी त्याचा वेग वाढवा. ऑटोव्हॅक्यूम_व्हॅक्यूम_कॉस्ट_लिमिट (विश्रांती घेण्याआधी किती काम करायचे याची मर्यादा) वाढवून पीजी_रीलोड_कॉन्फ (सेटिंग पुन्हा वाचायला लावणारी आज्ञा) चालवा. मात्र तुमच्या आवृत्तीत चालू टेबलाचे काम संपेपर्यंत वर्कर (ऑटोव्हॅक्यूम करणारी प्रक्रिया) नवे सेटिंग उचलत नाही (ही सोय १६ पासून आली), त्यामुळे रीलोडनंतर तो एकदाच कॅन्सल करणे योग्य ठरेल. पूर्ण गोठलेली पाने (ज्यांतल्या ओळींचे ट्रान्झॅक्शन क्रमांक पुन्हा तपासावे लागत नाहीत) पुढच्या फेरीत वगळली जातात, पण इंडेक्सची अर्धवट राहिलेली सफाई पुन्हा करावी लागते.

ऑल्टर टेबलपूर्वी त्याच सेशनमध्ये लॉक_टाइमआउट काही सेकंदांवर ठेवा. लॉक मिळाला नाही, तर आज्ञा स्वतःच माघार घेईल आणि रांग लांबणार नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याशी सहमत आहे. त्याआधी ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ (ट्रान्झॅक्शन उघडे, पण काम थांबलेले) अवस्थेत रेंगाळलेले एखादे जुने सेशन आहे का, हे एक्सॅक्ट_स्टार्ट रकान्यावरून अवश्य पाहावे. असे सेशन जुन्या ओळी धरून ठेवते आणि व्हॅक्यूम कितीही धावला, तरी त्या साफ होत नाहीत. बंद करायचेच असेल, तर ते सेशन बंद करावे.

प्रश्नकर्ता

रॅपअराउंडचेच शब्द दिसत आहेत, आणि अहवालांच्या प्रणालीचे एक सेशन कालपासून उघडे होते, ते टर्मिनेट केले आहे. वेगासाठी ऑटोव्हॅक्यूम_मॅक्स_वर्कर्सही वाढवावे का?

प्रतिसाद १

नको. कॉस्ट लिमिट सर्व वर्करमध्ये वाटली जाते, त्यामुळे वर्कर वाढले, की प्रत्येकाच्या वाट्याचा वेग उलट घटतो. शिवाय एका टेबलावर एका वेळी एकच वर्कर काम करतो आणि तुमच्या आवृत्तीत त्या बदलासाठी सर्व्हर रीस्टार्ट करावा लागेल. सध्या पीजी_स्टॅट_प्रोग्रेस_व्हॅक्यूममध्ये हीप_ब्लॉक्स_स्कॅन्ड (तपासून झालेल्या पानांचा आकडा) पुढे सरकतो आहे ना, एवढे पाहत राहा.