पराटीतली बरबटी अन् बाजारातली वांगी: औषधाचा अंश घरी कसा कमी करावा?

प्रश्न
पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळींत बरबटी (चवळीच्या शेंगा) आणि भेंडी लावली आहे. पराटीवर फवारा मारला की भाजीवरही उडतो. बाजारातल्या वांग्या-पालकावर काय मारलं ते तर कळतच नाही. कोणी मीठ सांगतं, कोणी खायचा सोडा, कोणी व्हिनेगर. नेमकं काय, किती आणि किती वेळ? घरात लहान लेकरं आहेत.

उत्तर १
ताई, खायचा सोडा वापरा. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम, म्हणजे चहाचे दोन सपाट चमचे. भाजी अख्खीच १५ मिनिटं बुडवा, हातानं चोळा आणि दोन-तीन साध्या पाण्यांतून काढा. चिरून भिजवली तर पाणी आत शिरतं, भेंडीला तार सुटते. पालक-सांभाराची (कोथिंबिरीची) मुळं आधी कापून पानं सुटी करा, कारण माती आणि औषध देठांच्या बेचक्यात बसतं. फुलकोबीचे तुरे मोडून, पानकोबीची वरची दोन-तीन पानं काढून भिजवा. वांग्याची टोपी कापून फेका.

सोडा नसेल तर लिटरला २० ग्रॅम मीठ. व्हिनेगरवर पैसा घालू नका. भांड्याचा साबण आणि निरमा तर नकोच, त्याचा अंश भाजीवर राहतो.

धुतलेली ओली भाजी ठेवली की सडते, म्हणून रांधायच्या वेळीच धुवा.

उत्तर २
वरचं बरोबर आहे, पण सोड्यानं सगळं निघतं असं समजू नका. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदावर हेच १० ग्रॅमचं प्रमाण तपासलं होतं. सालीवरचं औषध १२ ते १५ मिनिटांत बरंचसं गेलं, पण सालीच्या आत मुरलेलं निघालं नाही. सायपरमेथ्रिनसारखं औषध वरच बसतं, तरी सालीच्या मेणात चिकटतं, म्हणून चोळणं महत्त्वाचं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, मोनोक्रोटोफॉस ही आंतरप्रवाही आहेत. झाडाच्या रसात गेलेलं औषध कोणत्याही पाण्यानं धुऊन निघत नाही. मोनोक्रोटोफॉसला तर भाजीपाल्यावर बंदीच आहे.

त्यामुळे तुमच्या बरबटीचा खरा प्रश्न धुण्याचा नाहीच. डब्यासोबतच्या माहितीपत्रकात फवारणी ते तोडणी किती दिवस थांबायचं ते पिकानुसार दिलेलं असतं. कपाशीचा आकडा बरबटीला लावू नका. बरबटीचं नावच नसेल तर तिच्यासाठी सुरक्षित दिवस कोणी ठरवलेलेच नाहीत. त्या शेंगा लेकरांना देऊ नका.

उत्तर ३
ताई, पुढच्या हंगामात खायची भाजी पराटीत लावूच नका. घराजवळ, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला वाफा करा. यंदा निदान फवाऱ्याच्या आदल्या दिवशी तोडणी उरका. काकडी, दुधी सोलूनच घ्या. पालेभाजी उकळली तर ते पाणी फेका, वरणात घालू नका. आणि औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी भाजी भिजवायला किंवा पाणी आणायला घेऊ नका. प्लॅस्टिकमध्ये औषध मुरलेलं असतं. भोकं पाडून तो निकामी करा.