जुन्या टाटा-मर्सिडीज ट्रकवर बॅकहो बसवताना चेसिस कशी जपावी?

प्रश्न
आमच्याकडे टाटा-मर्सिडीज सहकार्याच्या (1954 ते 1969) काळातील 312 ट्रक आहे. सडलेला हौदा काढला असून, भंगारात निघालेल्या बॅकहो लोडरचा (पुढे बकेट आणि मागे खणणारा हात असलेल्या यंत्राचा) मागचा हात, म्हणजे बूम (मुख्य बाहू), डिपर (त्यापुढचा बाहू), बकेट आणि किंगपोस्ट (हात ज्यावर डावी-उजवीकडे फिरतो तो खांब), शेतातील चर खणण्यासाठी त्यावर बसवायचा आहे. पुढे कोणाला ट्रक मूळ रूपात आणावासा वाटला तर ते शक्य असावे, ही आमची अट आहे. चेसिसला वेल्डिंग न करता हे जमेल का? हाताच्या हायड्रॉलिक सिलिंडरना तेल देणारा पंप पीटीओवर (इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर देणाऱ्या जोडणीवर) चालेल का?

उत्तर 1
जमेल, आणि वेल्डिंग टाळण्याचा तुमचा आग्रह अगदी योग्य आहे. खणताना येणारा जोर चेसिसवर न येता जमिनीत जायला हवा; म्हणून किंगपोस्ट आणि दोन्ही बाजूंचे जॅक एकाच मजबूत सबफ्रेमला (चेसिसवर बसणाऱ्या वेगळ्या सांगाड्याला) जोडावेत आणि ती सबफ्रेम चेसिसच्या लांब चॅनलच्या उभ्या बाजूला प्लेट व बोल्टने धरावी. चॅनलच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना छिद्र पाडू नये, कारण वाकवणारा ताण तिथेच सर्वाधिक असतो. सबफ्रेमचे पुढचे टोक निमुळते ठेवावे, नाहीतर चेसिसला त्याच रेषेत तडा जातो.

उत्तर 2
टिपरसारखा पीटीओ चालेल, पण टिपरचा पंप थोडाच वेळ चालतो आणि बॅकहोचा सतत, त्यामुळे तेलाची टाकी मोठी हवी आणि कूलरही लागेल. एका फेरीत 32 सीसी तेल देणारा पंप मिनिटाला 1500 फेऱ्यांवर दर मिनिटाला सुमारे 48 लिटर तेल देतो आणि 175 बारला त्यासाठी साधारण 14 किलोवॅट लागतात. या इंजिनाला ते जड नाही. मात्र 100 मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलिंडर त्याच दाबाला सुमारे 14 टन जोर लावतो, म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेबाहेर गेल्यावर तेल सोडणारी झडप) मूळ यंत्राच्या दाबापेक्षा वर कधीही लावू नये. सिलिंडरच्या रॉडच्या क्रोमवर खड्डे असतील तर नुसते सील किट बदलून गळती थांबणार नाही. आधी रॉड बदलावा किंवा त्यावर पुन्हा क्रोम चढवून घ्यावा.

उत्तर 3
एक धोका वर आलेला नाही. बॅकहो लोडर खणताना पुढची बकेटही जमिनीवर टेकवतो. ट्रकला तो आधार नसतो. जॅकने मागची चाके पूर्ण उचलली, तर मागच्या चाकांवर लागणारा हँडब्रेक निरुपयोगी होतो आणि बकेट ओढताच ट्रक चराकडे सरकू शकतो. टायर जमिनीला टेकलेलेच ठेवा आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. शिवाय मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार असा बदल आरटीओच्या कक्षेत येतो, तेव्हा सबफ्रेमचे काम सुरू करण्यापूर्वीच तिथे विचारणा करावी.